बंदुकीऐवजी कॅमेरा

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला, की जंगलातील पायवाटांवर झाडांच्या बुंध्यांना छोटे कॅमेरे बांधले जातात. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा कोणता नर किती वाजता, कोणत्या वाटेने येतो, याची नोंद ते ठेवतात आणि त्यावरून शिकारी आपली जागा ठरवतो. या कॅमेऱ्यांचे मूळपुरुष म्हणता येतील अशा जॉर्ज शायरस (तिसरे) यांच्या हातातून मात्र कॅमेऱ्यामुळेच बंदूक सुटली.

शायरस यांचा जन्म १ जानेवारी १८५९ रोजी पेनसिल्व्हेनियात झाला. वडील पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मुलानेही कॉर्नेल आणि येल येथे शिकून वकिली पत्करली. मन मात्र मिशिगनमधील मार्क्वेटजवळच्या व्हाइटफिश सरोवरावर जडले होते. १८७० मध्ये, अवघ्या अकराव्या वर्षी ते तेथे शिकारीसाठी प्रथम गेले.

रात्रीच्या शिकारीची ओजिब्वे आदिवासींची एक जुनी रीत तेथे रूढ होती. होडीच्या पुढच्या टोकाला जाळ पेटवायचा आणि वल्ह्याचा आवाज न करता काठाने सरकत राहायचे. पाण्यावर आलेले हरीण उजेडाकडे पाहत थबकते, त्याचे डोळे चमकतात. त्या दोन ठिपक्यांच्या रोखाने गोळी झाडली, की काम फत्ते! शायरस हीच विद्या शिकले होते. १८८९ पासून त्यांनी छायाचित्रे घेण्यास सुरुवात केली आणि हळूहळू बंदूक घरीच राहू लागली. होडी तीच, नेमही तोच. फक्त गोळीऐवजी मॅग्नेशियमच्या भुकटीचा डोळे दिपवणारा भडका. ही भुकटी मोठी बेभरवशाची होती, त्यामुळे हा छंद सुरक्षित होता असे मुळीच नाही.

त्यांची खरी करामत पुढची. वाटेवर दोरी ताणून ती त्यांनी कॅमेऱ्याला आणि प्रकाशयंत्राला जोडली. प्राण्याचा धक्का लागताच भडका उडे आणि जनावर स्वतःचे छायाचित्र स्वतःच काढून घेई. १९२० च्या दशकात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी कुमाऊँच्या परिसरात अशाच तारेच्या सापळ्याने वाघांची छायाचित्रे घेतली. आज ताडोबा-मेळघाटात वाघ मोजणारे कॅमेरा ट्रॅप याच कुळातले.

जुलै १९०६ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'ने शायरस यांची ७४ छायाचित्रे एकाच अंकात छापली. मासिकाचे चित्रांचे पुस्तक होत असल्याच्या रागातून संस्थेच्या मंडळातील दोघांनी राजीनामे दिले! वाचकांनी मात्र अंक डोक्यावर घेतला.

१९०३ ते १९०५ या काळात शायरस अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीवर केंद्र सरकारचे नियंत्रण असावे, असे विधेयक त्यांनी १९०४ मध्ये मांडले. ते मंजूर झाले नाही. पण १९१३ चा कायदा त्याच वाटेने आला. १९२८ मध्ये त्यांनी आपल्या सुमारे २,४०० काचपट्ट्या नॅशनल जिओग्राफिक सोसायटीला दिल्या. २४ मार्च १९४२ रोजी मार्क्वेट येथे त्यांचे निधन झाले.

शिकारीसाठी हे कॅमेरे वापरणे कितपत न्याय्य, हा वाद त्यांच्या पश्चात अमेरिकेत पेटला. हरणाला निसटण्याची संधीच उरत नाही, असा विरोधकांचा आक्षेप होता. अखेर अ‍ॅरिझोना राज्याने अशा वापरावर बंदी घातली. ती लागू झाली १ जानेवारी २०२२ रोजी, योगायोगाने शायरस यांच्या जन्मदिनीच.