गागोद्याचा चंद्र

आम्हां वारकऱ्यांची वाट गर्दीची. टाळमृदंगाच्या गजरात नाम घ्यावे, दिंडीत खांद्याला खांदा लावून चालावे, हाच आमचा नेम. मग एकांत आमच्या वाट्याला यायचा कुठून, असे पुष्कळजण विचारतात. तेव्हा आम्हांस आचार्य विनोबा आठवतात.

पेणच्या खाडीकडची मिठागरे मागे टाकून डोंगराच्या अंगाला वळले कीं गागोदे लागते. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे जन्मले. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास. लहानगा विन्या आई रुक्मिणीबाई आणि आजोबा शंभुराव यांच्याजवळ वाढला. आजोबा चांद्रायण करीत. प्रतिपदेला एक घास, पुनवेला पंधरा, मग उतरत उतरत अवसेला काही नाही. चंद्र उगवला म्हणजे पूजा, नंतर घास. वद्यात चंद्र मध्यरात्री वर यायचा. गाव निजलेले. अशा वेळी पोराला झोपेतून उठवून पूजेला बसवीत आणि त्या मोजक्या घासांतला प्रसाद त्याच्या हातावर पडे. एकांताचा पाठ याहून निराळा कोणत्या पोथीत मिळायचा?

पुढे बडोदे, शाळा, कॉलेज. १९१६ साली परीक्षेची वाट सोडून काशीला निघाले, मनात हिमालयाची शांती. पोचले गांधीजींच्या आश्रमात. हिमालय राहिला तो राहिलाच!

१९३८ मध्ये प्रकृती अगदी ढासळली, वजन अवघे ८८ पौंड. थंड हवेच्या ठिकाणी जा, असा लोकांचा आग्रह. ते गेले वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीकाठच्या टेकाडावर. पूल ओलांडताना सगळ्या कामांची चिंता मनातून उतरवून ठेवली, आणि मग रोज थोडी थोडी जमीन खणू लागले. त्याच मातीत पुढे भरत-रामाच्या भेटीची दगडी मूर्ती लाभली.

अंगी बळ आले ते मात्र बसून राहण्यासाठी नव्हे. १९५१ पासून तेरा वर्षे भूदानासाठी पायी हिंडले. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन निघायचे. वर चांदण्या, मागे माणसे. ही वारीच कीं!

१९५३ साली देवघरच्या वैद्यनाथ मंदिरात हरिजनांसह जाताना पंड्यांचा मार खाल्ला होता. सोबत्यांना मज्जाव तिथे आपणही जायचे नाही, हा त्यांचा बाणा. १९५८ साली पंढरीस आले तेव्हा निरनिराळ्या धर्मांच्या सोबत्यांसह राउळात गेले. विठोबासमोर उभे राहिले आणि डोळ्यांना धारा लागल्या. भोवती एवढी दाटी. त्यात ते किती वेळ एकटे होते, ते पांडुरंगालाच ठाऊक.