चिमटा कार्बोलिकमध्ये बुडवला, तरी १९ बळी का गेले?

ओडेसात १८६० मध्ये जन्मलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावात एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. लशीत कार्बोलिक ॲसिड न घातल्याचा ठपका ठेवून हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले.

बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो नुसता कार्बोलिकमध्ये बुडवून वापरला गेला. अनेक जंतू त्यात मरतात; पण मातीतला धनुर्वाताचा जंतू जाड कवचाचा बीजाणू होऊन तग धरतो. चिमटा ज्योतीवर तापवायला हवा होता.

१९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले; १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. शस्त्रक्रियेची हत्यारे आजही दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करतात, ती याच बीजाणूंमुळे.