गोणपाटावर गिरवलेली ए, बी, सी, डी

7 नोव्हेंबर 1900. साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये 1914 या क्रमांकासमोर एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव नोंदले गेले : भिवा रामजी आंबेडकर. वर्ग इंग्रजी पहिली. हीच शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते.

मराठी इयत्ता झाल्या की त्या काळी मुले इंग्रजी पहिलीत जात आणि तिथे ए, बी, सी, डीपासून सुरुवात होई. भिवाने हे धडे गिरवले ते वर्गाच्या कोपऱ्यात, इतर मुलांपासून वेगळे बसून. बसायला घरून आणलेला गोणपाटाचा तुकडा असे. शाळेचा नोकर त्याला हात लावत नसे, म्हणून शाळा सुटल्यावर तो घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचा. तहान लागली तरी नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपाई असेल तरच पाणी मिळे.

भिवाची इंग्रजी पक्की झाली ती घरी. वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातील शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांनी मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके पाठ करून घेतली, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला सोडवून घेतल्या. आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या. घरात ओढाताण होती, पण अभ्यास चुकला नाही.

1901 च्या उन्हाळी सुट्टीत वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली घरातली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर गाडी मिळाली, तीही मुलांनीच हाकायची या अटीवर. त्या रात्री प्यायला पाणी मिळाले नाही.

पुढे मुंबई, 1907 ला मॅट्रिक, 1913 ला कोलंबिया विद्यापीठ. आणि बाबासाहेबांनी परदेशी वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय हे सांगायला 'वेटिंग फॉर अ व्हिसा' लिहायला घेतले, तेव्हा तो गोणपाट, तो नळ आणि मसूरचा तो प्रवास त्यात आला. भाषा इंग्रजी होती. ज्या अक्षरांपाशी त्यांना कोपऱ्यात बसवले, त्याच अक्षरांनी तो कोपरा जगाला दाखवला.

2017 पासून महाराष्ट्रात 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. बाबासाहेबांच्या शाळेच्या दिवसांत वाळवा, तासगाव हे आज सांगलीत असलेले तालुकेही सातारा जिल्ह्यातच होते. या दोन्ही जिल्ह्यांतील आपल्या वस्त्यांत इंग्रजीच्या धाकाने मागे राहणारी मुले आजही आहेत. अभिवादनानंतर त्यांच्यासाठी संध्याकाळचा एक तास काढू या. विहारात फळा आहेच.

जय भीम!