चढणीची वाट

फ्रान्सच्या दक्षिणेस व्हाँतू नावाचा सुमारे १९०० मीटर उंचीचा पर्वत आहे. त्याचा माथा उघडा व खडकाळ आहे. इटालियन कवी पेट्रार्क याचा जन्म १३०४ साली झाला. वडिलांना फ्लॉरेन्समधून हद्दपार केल्यामुळे तो लहानपणीच या पर्वताच्या परिसरात आला. त्या माथ्यावरून जग कसे दिसत असेल, हे कुतूहल तेव्हापासून त्याच्या मनात होते.

१३३६ च्या एप्रिल महिन्यात एके दिवशी तो धाकटा भाऊ गेरार्दो याच्यासह निघाला. एका वृद्ध मेंढपाळाने त्यांना परोपरीने विनविले, की वर काटे व दगडधोंडे यांवाचून काही लाभावयाचे नाही. तरी ते मागे फिरले नाहीत. गेरार्दो सरळ उभ्या वाटेने चढू लागला. पेट्रार्क मात्र सोपी वाट शोधीत दऱ्याखोऱ्यांतून हिंडला. श्रम वाढले, पण उंची गाठली नाही. असे पुनःपुन्हा घडले. अखेर तो खिन्न होऊन खाली बसला. आयुष्यातही आपण अवघड कर्तव्य टाळून असेच आडवाटेस लागतो, हे त्यास उमगले. मग मात्र तो नेटाने चढला.

माथ्यावरून ढग पायांखाली दिसत होते. दूर आल्प्सची हिमशिखरे चमकत होती. रात्री चांदण्यात तो पायथ्याशी परतला.

१३४१ साली रोममध्ये त्याला कवी म्हणून मानाचा पर्णमुकुट अर्पण झाला. १३७४ साली तो मरण पावला. त्या चढणीची त्याने लिहिलेली हकीकत आजही वाचली जाते.