बंदिवान मॅलरी

आर्थरकथांचा कर्ता सर टॉमस मॅलरी हा वॉरिकशरमधील न्यूबोल्ड रेव्हेलचा जमीनदार नाइट होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १४४५ मध्ये तो पार्लमेंटात होता. १४५० नंतर दरोडा, बलात्कार, मठाची लूट असे आरोप त्याच्यावर आले आणि निकाल न लागताच अनेक वर्षे तुरुंगात गेली. १४६९-७० मध्ये ग्रंथ पुरा करताना वाचकांनी आपल्या सुटकेसाठी प्रार्थना करावी, अशी त्याची विनंती आहे.

अशा माणसाने पावित्र्याची कथा सांगावी, यात निव्वळ विसंगती पाहणे उथळपणाचे ठरेल. फ्रेंच आधारग्रंथाप्रमाणे त्याच्याकडेही होली ग्रेल या पवित्र पात्राचे पूर्ण दर्शन निष्कलंक गॅलहॅडलाच घडते. राणीच्या प्रेमात गुंतलेला लान्सलॉट चोवीस दिवस निश्चेष्ट पडून राहतो. (भांडे आणि योग्य व्यक्ती या दोहोंना 'पात्र' म्हणण्याची आपली सोय मॅलरीला नव्हती.) पुढे मात्र सर अरीच्या जखमा, ज्या केवळ सर्वश्रेष्ठ नाइटच्या स्पर्शानेच भरणार होत्या, त्या याच लान्सलॉटच्या हातून भरतात. सारा दरबार आनंदतो. तो एकटा रडतो. या प्रसंगाचा आधार कोणत्याही ज्ञात ग्रंथात नाही.

१४७१ च्या मार्चमध्ये मॅलरी वारला. न्यूगेट तुरुंगाजवळच्या ग्रेफ्रायर्स मठात त्याचे दफन झाले. चौदा वर्षांनी कॅक्स्टनने ग्रंथ छापला.