शिष्यवृत्तीचे ऋण : सर आशुतोष मुखर्जी

मुंबईच्या कापूसबाजारातील व शेअरबाजारातील विख्यात दलाल प्रेमचंद रायचंद यांनी १८६६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाला दोन लाख रुपयांची देणगी दिली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच दानातून उभा राहिला व तो सर्वांच्या परिचयाचा आहे. कलकत्त्याच्या देणगीचे स्मारक मात्र दगडविटांचे नाही. तिच्या व्याजातून पदवीधरांसाठी एक शिष्यवृत्ती सुरू झाली आणि पुढे कित्येक दशके ती बंगालमधील विद्वत्तेची सर्वांत कठीण कसोटी मानली गेली. १८८६ मध्ये ही शिष्यवृत्ती ज्या तरुणाला मिळाली, त्याने पुढील आयुष्यात तिचे ऋण ज्या रीतीने फेडले, त्या रीतीशी आधुनिक भारतीय भाषांच्या विद्यापीठीय अभ्यासाचा निकटचा संबंध आहे. तो तरुण म्हणजे आशुतोष मुखर्जी.

आशुतोषांचा जन्म २९ जून १८६४ रोजी कलकत्त्यात झाला. वडील गंगाप्रसाद हे भवानीपूरमधील नावाजलेले डॉक्टर होते आणि मुलाच्या शिक्षणावर त्यांचे बारीक लक्ष असे. १८७९ च्या प्रवेशपरीक्षेत आशुतोष दुसरे आले व प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. विद्यार्थिदशेतच त्यांचे गणितविषयक लेखन केंब्रिजच्या ‘मेसेंजर ऑफ मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १८८५ मध्ये गणितात व त्यानंतरच्या वर्षी पदार्थविज्ञानात त्यांनी एम.ए. केले, आणि त्याच वर्षी प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीही मिळवली.

एवढ्या यशानंतर गणिताचे संशोधन हेच त्यांचे जीवनकार्य व्हावयास हवे होते. ते झाले नाही. सरकारी शिक्षणखात्यातील नोकरी त्यांच्यापुढे आली, परंतु युरोपीय प्राध्यापकांच्या बरोबरीचे वेतन व दर्जा मिळणार नसेल तर ती स्वीकारावयाची नाही, असा त्यांचा निश्चय होता. विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू गुरुदास बॅनर्जी यांनी त्यांच्यासाठी संशोधनाचे एखादे अध्यासन निर्माण करण्याची खटपट केली. तीही पैशाअभावी निष्फळ ठरली. शिष्यवृत्ती बुद्धीला मान्यता देते, परंतु तिची मुदत संपल्यावर त्या बुद्धीला उभे राहण्यास जागा नसते, हा अनुभव आशुतोषांना ऐन पंचविशीत आला. १८८८ मध्ये ते हायकोर्टात वकिली करू लागले. १८९४ मध्ये कायद्याचे डॉक्टर आणि १९०४ मध्ये न्यायमूर्ती झाले. गणित मागे पडले, विद्यापीठ मात्र सुटले नाही. १८८९ मध्येच ते सेनेटचे सभासद झाले होते आणि मृत्यूपर्यंत त्या संस्थेच्या कारभाराशी त्यांचा संबंध राहिला.

१९०६ मध्ये ते कुलगुरू झाले तेव्हा कलकत्ता विद्यापीठ ही प्रामुख्याने परीक्षा घेऊन पदव्या देणारी संस्था होती. १९०६ ते १९१४ या सलग आठ वर्षांत आणि पुन्हा १९२१ ते १९२३ या काळात त्यांनी तिला अध्यापनाची व संशोधनाची संस्था बनविले. शिष्यवृत्त्यांविषयीचे त्यांचे धोरण या संदर्भात पाहिले म्हणजे त्याचा अर्थ ध्यानी येतो. त्यांच्या स्वतःच्या काळी लेखी परीक्षेवर मिळणारी प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती आता स्वतंत्र संशोधनावर दिली जाऊ लागली. विद्यार्थ्याने किती आत्मसात केले यापेक्षा तो कोणता नवा प्रश्न हाती घेऊ शकतो याला महत्त्व आले. त्याचबरोबर शिष्यवृत्तीच्या आधीची तयारी व नंतरची जागा या दोन्हींची व्यवस्था करणे आशुतोषांना आवश्यक वाटले. तारकनाथ पालित यांनी १९१२ मध्ये व रासबिहारी घोष यांनी १९१३ मध्ये दिलेल्या मोठ्या देणग्यांतून विज्ञानाची अध्यासने निर्माण झाली, संशोधक विद्यार्थ्यांच्या वेतनाची तरतूद झाली, आणि २७ मार्च १९१४ रोजी विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसविण्यात आली.

या व्यवस्थेचे स्वरूप मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. दोघेही १९१५ मध्ये मिश्र गणितात एम.एस्सी. झाले. नवे पदार्थविज्ञान शिकविण्याची इच्छा घेऊन ही तरुण मंडळी आशुतोषांच्या घरी गेली. विषय नवा होता, त्याचे ग्रंथ बव्हंशी जर्मन भाषेत होते आणि शिकविणाऱ्यांना तो आधी स्वतःच शिकावयाचा होता. आशुतोषांनी त्यांना विद्यावेतन दिले, अभ्यासाची सोय करून दिली आणि ठराविक अवधीत विषय तयार करण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. १९२० मध्ये आइन्स्टाइन व मिंकोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचा या दोघांनी केलेला इंग्रजी अनुवाद विद्यापीठाने प्रसिद्ध केला. पूर्व बंगालच्या खेड्यातील एका लहान दुकानदाराचा मुलगा असलेल्या साहांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली, त्यापाठोपाठ परदेशात अभ्यास करण्यासाठी गुरुप्रसन्न घोष शिष्यवृत्तीही मिळाली आणि ते लंडनला व बर्लिनला जाऊ शकले. घरच्या पैशावर हा प्रवास त्यांना कदापि शक्य नव्हता.

भाषा व साहित्य यांच्या अभ्यासकाला आशुतोषांच्या कार्याचा दुसरा भाग अधिक जवळचा वाटेल. दिनेशचंद्र सेन यांच्याजवळ उच्च पदव्या नव्हत्या. खेडोपाडी हिंडून मिळवलेली हस्तलिखिते व त्यांवर खर्ची पडलेली प्रकृती हीच त्यांची मिळकत होती. त्यांना विद्यापीठाने प्रथम व्याख्याने देण्यास बोलावले आणि १९१३ मध्ये रामतनू लाहिरी संशोधनवृत्ती दिली. मैमनसिंह जिल्ह्यातील लोकगाथा गोळा करणारे चंद्रकुमार दे हे तर कोणत्याही विद्यापीठाचे विद्यार्थी नव्हते. दारिद्र्य व आजारपण सोसणाऱ्या या ग्रामीण संग्राहकाला दिनेशचंद्रांच्या शिफारशीवरून विद्यापीठाने नियमित वेतन सुरू केले आणि १९२३ मध्ये ‘मैमनसिंह गीतिका’ प्रकाशित झाली. अर्ज लिहिण्याचे सामर्थ्य किंवा धैर्य ज्याच्याजवळ नाही, अशा माणसापर्यंत विद्यापीठानेच जावे, असा या निवडीचा आशय होता.

१९१९ मध्ये भारतीय भाषांचा एम.ए. अभ्यासक्रम सुरू झाला. विद्यार्थ्याने एका मुख्य भाषेबरोबर दुसऱ्या एका भारतीय भाषेचाही अभ्यास करावा, अशी त्यात योजना होती. या पदवीला प्रतिष्ठा नाही, ही शंका सर्वत्र व्यक्त होत असता आशुतोषांनी आपले पुत्र श्यामाप्रसाद यांना, त्यांनी इंग्रजी घेऊन बी.ए. प्रथम श्रेणीत केले असतानाही, एम.ए.साठी बंगाली घ्यावयास लावले. अध्यापकही त्यांनी सर्व प्रांतांतून आणले. देवदत्त रामकृष्ण भांडारकर महाराष्ट्रातून प्राचीन भारतीय इतिहासाच्या कारमायकेल अध्यासनावर आले, चंद्रशेखर वेंकट रामन सरकारी अर्थखात्याची नोकरी सोडून आले, आणि म्हैसूरहून राधाकृष्णन आले. शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्याला योग्य मार्गदर्शक मिळाला नाही तर पैसा वाया जातो, हे ते जाणून होते.

या साऱ्या कार्याला दुसरी बाजू नव्हती असे नाही. निवडीची सूत्रे एका माणसाच्या हाती एकवटली होती. भवानीपूरच्या घरी सकाळी जमणाऱ्या विद्यार्थ्यांच्या व अध्यापकांच्या गर्दीत ज्ञानार्थी होते तसे केवळ कृपार्थीही असत. परीक्षांचे निकाल सैल झाले, पदव्युत्तर विभागांचा विस्तार ऐपतीबाहेर झाला, असे आक्षेप घेतले गेले. ते घेणाऱ्यांत इतिहासकार जदुनाथ सरकार होते, आणि १८९७ चे प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तिधारक या नात्याने त्यांच्या शब्दाला वजन होते. थोड्या निवडक बुद्धिमंतांना कठोरपणे पारखावे, की पुष्कळांना दार उघडून त्यांतून गुणी माणसे वर येऊ द्यावीत, असा हा मूलभूत मतभेद होता. आशुतोषांनी दुसरा मार्ग निवडला व त्याची किंमतही दिली.

ती किंमत १९२२ मध्ये स्पष्ट झाली. विद्यापीठ कर्जात होते, अध्यापकांचे पगार थकले होते. बंगाल सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले, परंतु त्यासोबत कारभारावर नियंत्रण ठेवणाऱ्या अटी घातल्या. पैसा नाकारला तर आशुतोषांनी स्वतः जमवलेल्या अध्यापकांची व विद्यार्थ्यांची उपासमार होणार होती. स्वीकारला तर कोणता विषय शिकवावा व कोणाला साहाय्य द्यावे हे सरकार ठरविणार होते. सेनेटमध्ये त्यांनी अटींसह येणारी ही मदत नाकारण्याची भूमिका घेतली. पुढच्या वर्षी गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी सरकारला अनुकूल राहण्याच्या अपेक्षेसह कुलगुरुपद पुन्हा देऊ केले, तेव्हा तेही त्यांनी झिडकारले. १९२३ च्या अखेरीस ते न्यायासनावरून निवृत्त झाले. एका खटल्यासाठी पाटण्यास गेले असता २५ मे १९२४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या ८० हजारांहून अधिक ग्रंथांचा संग्रह आज कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२६ मध्ये, कलकत्ता विद्यापीठाने सुनीतिकुमार चॅटर्जी यांचा बंगाली भाषेच्या उद्गम-विकासावरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा आरंभ प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीसाठी केलेल्या संशोधनात झाला होता. १९१९ मध्ये भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळवून सुनीतिकुमार लंडनला गेले, तेथे डी.लिट. झाले आणि पॅरिसमध्ये ज्यूल ब्लॉक यांच्याजवळ शिकले. मराठी भाषेच्या घडणीवरील ब्लॉक यांचा ग्रंथ त्यांच्यापुढे आदर्श म्हणून होता. १९२२ मध्ये ते परतले तेव्हा खैरा देणगीतून निर्माण झालेले भाषाशास्त्राचे अध्यासन त्यांना मिळाले. प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर आशुतोषांना जी जागा मिळाली नव्हती, ती त्याच शिष्यवृत्तीच्या या मानकऱ्याला त्यांच्याच विद्यापीठात मिळाली.