बेथेलचा पाया आणि नाताळचे दान
(रेव्ह. नारायण शेषाद्री ह्यांचे चरित्र)

नाताळ जवळ आला आहे. बाजरी खळ्यावरून घरात आली, कापसाच्या वेचण्या चालू आहेत, तूर शेंगांनी लगडली आहे आणि रब्बीची ज्वारी उभी डोलत आहे. ह्या दिवसांत खेडोपाडीच्या मंडळ्यांत दोन विषयांची चर्चा ऐकू येते. एक विषय नव्या कपड्यांचा, फराळाचा व रोषणाईचा. दुसरा विषय मंडळीच्या गरजांचा. पहिल्या विषयास पैसा कोठून आणावा हे कोणी विचारीत नाही, तो कसाबसा येतोच. दुसऱ्या विषयास मात्र आपण बाहेरच्या मदतीची वाट पाहतो. म्हणून ह्या सणाच्या आधी आमच्याच जालन्याच्या भूमीत नांगर धरून गेलेल्या एका देवमाणसाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले. ते म्हणजे रेव्ह. नारायण शेषाद्री. त्यांचे नाव आमच्यातील वृद्धांच्या ओठी अजून आहे; परंतु लहान मुलांस ते सांगावे लागते, आणि ही गोष्ट आम्हांस भूषणावह नाही.

नारायणरावांचा जन्म ब्राह्मण कुळात झाला. मुंबईस स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत ते शिकले. डॉ. जॉन विल्सन व रेव्ह. रॉबर्ट नेस्बिट हे त्या मिशनचे आधारस्तंभ होते. नेस्बिट साहेबांचे मराठी इतके शुद्ध होते की त्याची ख्याती सर्वत्र पसरली होती. शास्त्राचे अध्ययन करता करता नारायणरावांच्या मनाची खात्री पटली आणि इ. स. १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या एका कृतीची किंमत त्यांस किती पडली हे आजच्या वाचकांनी समजून घेतले पाहिजे. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे येऊन राहिला होता. तो अजून बालकच होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली व खटला मुंबईच्या सुप्रीम कोर्टापुढे चालला. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी ह्यांनी मुलगा अल्पवयी आहे म्हणून त्यास वडिलांच्या स्वाधीन केले. पुढे श्रीपतास प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही ह्यावर मोठा वाद माजला. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी मुलाच्या बाजूने खटपट केली व स्वजनांचा रोष पत्करला. आम्ही त्यांच्या मताचे नसलो तरी एका मुलाकरिता त्यांनी दाखविलेले धैर्य मान्य केलेच पाहिजे. इकडे नारायणरावांना भाऊ अंतरला, आईबाप अंतरले. धर्मांतरामुळे किंवा जात गेल्यामुळे कोणाचा वारसाहक्क बुडू नये असा कायदा सरकारने १८५० मध्ये केला. १८४३ मध्ये ते संरक्षण नव्हते. तेव्हा नारायणरावांचे पहिले दान कोणत्याही थैलीत पडले नाही. ते त्यांनी घराच्या उंबरठ्यावर ठेवले आणि बाहेर पडले.

त्याच वर्षी समुद्रापलीकडे आणखी एक घटना घडली. तिचा संबंध आजच्या विषयाशी फार जवळचा आहे. स्कॉटलंडच्या मंडळीत पाळक नेमण्याचा अधिकार जमीनदारांचा की मंडळीचा, ह्यावरून फूट पडली आणि मे १८४३ मध्ये सुमारे ४७० पाळक आपली घरे, पगार व चर्चच्या इमारती सोडून बाहेर पडले. त्यांनी स्वतंत्र मंडळी स्थापिली. मुंबईचे मिशनरीही त्यांच्या बाजूस गेले व त्यांना आपल्या शाळेची इमारत, ग्रंथ व उपकरणे ह्यांवर पाणी सोडावे लागले. आता इतक्या पाळकांस खाऊ कोण घालणार? त्या मंडळीचे पुढारी डॉ. थॉमस चामर्स ह्यांनी एक साधी युक्ती काढली. प्रत्येक सभासदाने आठवड्यास निदान एक पेनी द्यावी. ती घरोघर जाऊन गोळा करावी. आणि सर्व रक्कम एकत्र करून श्रीमंत गावच्या व गरीब गावच्या पाळकांस सारखी वाटावी. कोळी, विणकर, धनगर, मोलकरणी ह्यांच्या पेन्यांवर ती मंडळी उभी राहिली. इतकेच नव्हे, तर अशाच लहान लहान देणग्यांतून तिने आपली परदेशातील मिशनेही चालविली. नारायणरावांस ज्या मंडळीने वाढविले ती अशी होती. गरिबाच्या पैशाचे मोल काय, हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नाही.

काही वर्षे मुंबईत शिक्षकाचे व उपदेशकाचे काम केल्यावर, पाळकपदाची दीक्षा घेतलेले नारायणराव १८६० नंतरच्या दशकात जालन्यास आले. त्या वेळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि जालन्यास हैदराबाद कंटिन्जंटची लष्करी छावणी होती. छावणीमुळे व्यापार होता, कुंडलिकेच्या काठी पेठ भरभराटली होती. परंतु गावकुसाबाहेर जे राहत होते त्यांच्यापर्यंत त्या भरभराटीचा एक दाणाही पोचत नव्हता. ब्राह्मण कुळात जन्मलेला हा मनुष्य प्रामुख्याने त्या वस्तीकडे वळला. विशेषतः मातंग समाजातील पुष्कळ कुटुंबांनी त्यांच्याकडून शुभवर्तमान ऐकले व स्वीकारले. दोर वळणारे, केरसुण्या बांधणारे, वाजंत्री वाजवणारे, गावाची चाकरी करून वर्षाकाठी बलुत्याच्या चार पायल्यांवर जगणारे हे लोक होते. ज्याच्या सावलीचा विटाळ मानावा असे त्यांस लहानपणी शिकविले गेले, त्याच्याच अंगणात बसून नारायणराव त्यास देवाची लेकरे काय ती समजावून सांगू लागले.

परंतु लवकरच एक अडचण उभी राहिली. ज्याने गावदेवतेपुढे वाजवायचे सोडले, त्याचे बलुते अडले. ज्याचे बलुते अडले, त्याची चूल विझली. नुसता उपदेश करून भागणार नव्हते. ह्या लोकांस पाय ठेवावयास स्वतःची जमीन पाहिजे होती. तेव्हा हैदराबादचे दिवाण सर सालारजंग ह्यांच्या कारकिर्दीत निजाम सरकारने जालन्याजवळ नारायणरावांस जमीन दिली. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. मुसलमान राज्याच्या मुसलमान दिवाणाने, एका ब्राह्मण घरातून आलेल्या ख्रिस्ती पाळकास, अस्पृश्य मानिलेल्या कुटुंबांकरिता जमीन दिली. ज्यांना दान घेताना धर्म आड आला नाही, त्यांच्या वंशजांनी दान देताना जात विचारावी काय?

त्या जागी वसलेल्या गावास बेथेल हे नाव दिले गेले. देऊळ, शाळा, विहिरी, शेते आणि कारागिरी हे सर्व एका ठिकाणी असावे, ख्रिस्ती मनुष्याने आपल्या घामाची भाकरी खावी व शेजाऱ्यास तीतून तुकडा द्यावा, हा त्यातील विचार होता. बेथेल म्हणजे देवाचे घर, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु त्या नावात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब घरातून पळून जात असता रात्री उघड्यावर निजला. उशाला धोंडा होता, हाती काठीखेरीज काही नव्हते. सकाळी उठून त्याने त्याच ठिकाणास बेथेल म्हटले व देव मला जे देईल त्याचा दशांश मी त्याला देईन असा नवस केला. दशांशाचा हा नवस करणारा मनुष्य त्या वेळी सावकार नव्हता, बेघर होता. आपणही घर सोडून निघालेल्या नारायणरावांच्या गावास ह्याहून योग्य नाव सापडले नसते.

१८७३ च्या ऑक्टोबर महिन्यात न्यूयॉर्क शहरी इव्हँजेलिकल अलायन्स नावाच्या सर्व देशांतील ख्रिस्ती लोकांच्या संस्थेची मोठी परिषद भरली. तीस नारायणराव उपस्थित होते. त्यांनी परदेशी पोषाख केला नाही; पागोटे व आपला देशी वेष कायम ठेवून ते व्यासपीठावर उभे राहिले आणि उत्तम इंग्रजीत बोलले. तेथील लोकांवर त्यांची मोठी छाप पडली. त्यांनी आपल्या खेड्याची हकीकत सांगितली. त्या प्रवासात अमेरिकेतून व पुढे स्कॉटलंडातून बेथेलच्या कामास मदत मिळाली. आता हेही ध्यानात घ्या की, ह्याच्या आदल्याच महिन्यात, म्हणजे सप्टेंबर १८७३ मध्ये, अमेरिकेतील एक मोठी पेढी बुडाली होती, तिच्या मागोमाग इतर पेढ्या बुडत होत्या आणि हजारो लोक बेकार होत होते. भरल्या तिजोरीतून उरलेले देणे हे सोपे. पेढी बुडत असता न पाहिलेल्या गावाच्या विहिरीसाठी देणे हे निराळे.

परतल्यावर थोड्याच वर्षांत, १८७६ पासून १८७८ पर्यंत, दख्खनेवर भयंकर दुष्काळ पडला. बेथेल तेव्हा बाल्यावस्थेत होते. ज्यांच्या हाती नुकताच नांगर आला होता, त्यांनी कोरडे आकाश पाहिले. तरी गाव टिकले. नारायणराव पुढेही परदेशी गेले, मंडळ्यांपुढे उभे राहिले, आणि ह्या भागाची गरज सांगत राहिले. अखेरीस १८९१ मध्ये अशाच एका समुद्रप्रवासात त्यांचा अंत झाला. ज्याने इतक्या लोकांस स्वतःची माती मिळवून दिली, त्यास स्वतःच्या मातीत विसावा मिळाला नाही.

ही गोष्ट वाचताना आमच्या मनास एक प्रश्न बोचतो. नारायणराव सात समुद्र ओलांडीत होते, कारण त्या वेळी त्यांच्या मंडळीपाशी देण्यास काही नव्हते. बलुत्यावर जगणाऱ्या कुटुंबाने शाळा कशी बांधावी? तेव्हा हात पसरणे हे पाळकाचे कर्तव्य होते. परंतु आज त्यांचेच पणतू शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, कारखान्यात व सरकारी कचेरीत नोकरीस आहेत, काहींच्या मोसंबीच्या बागा आहेत. निजामाचे राज्य १९४८ मध्ये संपले, परदेशी मिशनरी गेले, १९८१ मध्ये जालना स्वतंत्र जिल्हा झाला. सर्व बदलले, आपला पसरलेला हात मात्र बदलला नाही.

हे आम्ही इतरांस दोष देण्यासाठी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या देखरेखीखालील एका खेड्यात शब्बाथ शाळेच्या खोलीचे पत्रे गळू लागले. पंचांची सभा झाली आणि मदतीचा अर्ज करावा असे ठरले. तो अर्ज आम्हीच आपल्या हाताने लिहिला व चांगल्या भाषेत लिहिला. उत्तर आले नाही. पावसाळाभर मुले एका विधवा बाईच्या ओसरीवर दाटीने बसली. पुढे नाताळात वाजंत्री व रोषणाई ह्यांचा हिशेब पंचांनी वाचून दाखविला, तेव्हा ओसरीची मालकीण सहज म्हणाली की एवढ्या पैशांत पत्रे आले असते. सभेत कोणीच बोलले नाही. आम्हीही बोललो नाही. अर्जाच्या कागदाची नक्कल आम्ही अजून जपून ठेविली आहे, ती आपल्या लाजेची आठवण म्हणून.

मग करावे काय? आमच्या आजीबायांची एक रीत होती. काही घरांत ती अजून चालू आहे. भाकरीचे पीठ परातीत घेण्याआधी एक मूठ धान्य किंवा पीठ गाडग्यात टाकावयाचे व रविवारी ते देवाच्या घरी आणावयाचे. ह्या मुष्टिदानाचा हिशेब करून पाहा. एका मुठीत साधारण पन्नास ग्रॅम ज्वारी बसते असे धरू. चाळीस घरांच्या मंडळीत रोज एक मूठ पडली तर दिवसास दोन किलो होतात. नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांत छप्पन्न किलो. आणि वर्षभरात सात क्विंटलांहून अधिक. चामर्स साहेबांची पेनी आणि आमच्या आजीची मूठ ह्या दोघी बहिणीच होत. कोणाही एका घरास ती जड वाटत नाही, आणि एकत्र झाली म्हणजे गळके छप्पर, आजारी मनुष्याचे औषध, अनाथ मुलाची वह्यापुस्तके ह्यांपैकी काहीतरी निश्चित पार पडते.

येथे उपदेशक बंधूंस आमची तीन विनंत्या आहेत. पहिली ही की, येत्या रविवारी मंडळीत गावातीलच एक गरज नेमकी ठरवा. दूरची नव्हे, जी सर्वांच्या डोळ्यांस रोज दिसते ती. दुसरी ही की, आलेल्या दाण्यादाण्याचा व पैशापैशाचा हिशेब भर सभेत वाचा, कारण हिशेब लपला की हात आखडतो. तिसरी ही की, ती गरज ख्रिस्ती घराचीच असली पाहिजे असा आग्रह धरू नका. शेजारच्या आळीतील विहिरीचा गाळ काढावयाचा असेल तर टोपली घेऊन आधी आपण उतरावे. बेथेलची जमीन कोणी दिली हे आपण वर वाचलेच आहे.

बेथेल म्हणजे देवाचे घर. आणि ज्या गावी आपला प्रभु जन्मला त्या बेथलेहेमाचा अर्थ भाकरीचे घर असा आहे. नारायणराव शेषाद्री ह्यांनी आमच्या जिल्ह्यात देवाचे घर बांधले. त्यासाठी ते घरातून निघाले आणि वाटेतच पडले. त्याचे भाकरीचे घर करणे हे काम त्यांनी आपल्यासाठी ठेविले आहे. ह्या नाताळात घरात पणती लावण्यापूर्वी चुलीजवळ एक गाडगे ठेवू या आणि पहिली मूठ त्यात घालू या.